रोग्याला हात लावण्याचा अधिकार

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्णा नदीच्या कांठीं, केदारखेडा नांवाचें एक गांव आहे. शहरांत राहणाऱ्या आपल्यापैकीं पुष्कळांनीं हें नांव कधीं ऐकलेंही नसेल. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो मोठ्या इस्पितळांचा विषय आहे असें आपणांस प्रथम वाटेल. परंतु त्यांतील मर्म कळावयास अशा एखाद्या गांवाच्या वेशींतूनच आंत शिरलें पाहिजे. विषय आहे परिचारिकेनें करावयाच्या शरीरतपासणीचा.

ही तपासणी आपण प्रत्येकानें कधीं ना कधीं अनुभविलेली आहे. पांढऱ्या पोषाखांतील बाई येतात, थर्मामीटर लावतात, मनगट धरून घड्याळाकडे पाहतात, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, खाटेशीं टांगलेल्या तक्त्यावर चार आंकडे लिहितात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. इतकें साधें, इतकें रोजचें काम! त्याला इतिहास तो काय असणार, असें कोणी म्हणेल. पण क्षणभर विचार करा. जिच्याशीं आपलें नातें नाहीं, जिचें नांवही आपणांस ठाऊक नाहीं, अशा एका व्यक्तीनें आपल्या अंगाला हात लावावा आणि आपण तो निमूटपणें लावूं द्यावा, ही गोष्ट आपल्या समाजांत कशी शक्य झाली? हा अधिकार तिला कोणीं दिला, आणि कशाच्या बळावर तिनें तो टिकविला? माझें आजचें भाषण या एकाच प्रश्नाभोंवतीं फिरणार आहे.

रोगी कसा तपासावा याचें शास्त्र आपल्या पूर्वजांपाशीं नव्हतें असें नाहीं. पाहणें, स्पर्श करणें आणि विचारणें अशी त्रिविध परीक्षा वाग्भटानें सांगितली आहे. सुश्रुतानें पांच ज्ञानेंद्रियें आणि सहावा प्रश्न, अशा सहा वाटांनीं रोग ओळखावा असें म्हटलें आहे. मनगटावरची नाडी पाहण्याची रीत शार्ङ्गधराच्या ग्रंथांत स्पष्टपणें येते. आणि योगरत्नाकरांत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, नेत्र आणि आकृति अशी अष्टविध परीक्षा स्थिर झालेली दिसते. चरकानें याहूनही मोलाची एक गोष्ट सांगून ठेवली आहे. चिकित्सेचे चार पाय कोणते, तर वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. म्हणजे परिचारक हा वैद्याचा हरकाम्या नव्हे. तो खाटेचा एक स्वतंत्र पाया आहे. त्याच्या अंगीं उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं ममता आणि शुचिता हे चार गुण असावेत, असेंही चरकाचें म्हणणें आहे.

शास्त्र असें उदार होतें. व्यवहार मात्र तसा राहिला नाहीं. घरांतील दुखणेकऱ्याची सेवा आईकडे, सासूकडे, नाहीं तर एखाद्या विधवा आत्याकडे आली; आणि बाळंतपण आलें सुइणीकडे. ही सुईण बहुधा अशा जातीची असे, कीं एरव्हीं तिची सावलीही अंगणांत चालत नसे. ज्या हातांनीं मूल जगांत आणलें, त्याच हातांचा विटाळ बाराव्या दिवसापर्यंत धुवून काढण्यांत येई. पोट चाचपून मूल आडवें आहे कीं उभें हें सांगणारें तिचें कसब पिढ्यान्‌पिढ्यांचें होतें. परंतु त्या कसबाला ना मान होता, ना तें वाढविणारी शाळा. अंगाला हात लावणें हें आपल्याकडे हलकें काम ठरलें होतें. पुढील सर्व कथेच्या मुळाशीं ही गांठ आहे, हें आपण ध्यानांत ठेवावें.

केदारखेड्याच्या टापूनें रोगपरीक्षेच्या उणेपणाचें एक भयंकर रूप पाहिलें आहे. सध्यांच्या जालना जिल्ह्यांतच, केळना आणि जुई या नद्यांच्या संगमापाशीं, असई हें गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं येथें शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशीं जनरल वेलस्ली याची लढाई झाली. लढाईचा निकाल आपण शाळेंत पाठ केलेला आहे. पण दुसऱ्या दिवशींच्या सकाळचें वर्णन पाठ्यपुस्तकांत नसतें. एकट्या इंग्रजांच्या बाजूला ४२८ माणसें ठार आणि १,१३८ जखमी झालीं होतीं. मराठ्यांकडील हानि याहूनही मोठी होती. जखमींसाठीं अजिंठ्याच्या गढींत इस्पितळ करावें लागलें. त्या वेळच्या शस्त्रवैद्यांपाशीं चाकू होता, करवत होती. परंतु रोग्याचा ताप अंशांत मोजण्याची रीत रूढ झालेली नव्हती, छातींतील आवाज ऐकण्याची नळी निघालेली नव्हती, रक्तदाब ही कल्पनाही खाटेजवळ पोंचली नव्हती. जखम चिघळली आहे हें दुर्गंधीवरून कळे, आणि तें कळे तेव्हां बहुधा वेळ निघून गेलेली असे. शिकलेली परिचारिका तर तेथें नव्हतीच.

यानंतरच्या शंभर वर्षांत युरोपांत एकामागून एक साधनें निघालीं, आणि त्यांतील एका साधनाची जन्मकथा आपल्या विषयाशीं अगदीं निगडित आहे. व्हिएन्ना येथील आउएनब्रुगर या वैद्यानें १७६१ सालीं छातीवर बोटांनीं ठोकून आंतील स्थिति ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. तो खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपावर ठोकून आंत दारू कोठवर आहे हें पाहण्याची युक्ति त्यानें लहानपणीं पाहिली असावी, असें म्हणतात. त्याच्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. १८०८ सालीं कॉर्व्हिसार यानें त्या ग्रंथाचें फ्रेंच भाषांतर केलें तेव्हां कोठें ती रीत मान्य झाली. पुढें १८१६ सालीं पॅरिस येथील लेनेक या वैद्याकडे हृदयविकाराची एक तरुण, स्थूल स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणें त्यास अप्रशस्त वाटलें. त्यानें कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरें आपल्या कानाशीं धरलें, आणि पाहतो तों हृदयाचे ठोके कानानें ऐकू येत त्याहूनही स्पष्ट ऐकू आले! आज जी नळी डॉक्टरांच्या गळ्यांत मिरवते, तिचा जन्म असा एका स्त्रीची मर्यादा राखण्याच्या संकोचांतून झाला. विद्वत्तेला जें सुचलें नव्हतें, तें सभ्यतेनें सुचविलें.

ताप मोजण्याची गोष्टही अशीच उद्बोधक आहे. लाइपझिग येथील वुंडरलिख यानें सुमारें २५,००० रोग्यांच्या तापाच्या नोंदी ठेवून १८६८ सालीं आपला ग्रंथ काढला, आणि ताप हा रोग नसून रोगाचें चिन्ह आहे हें सिद्ध केलें. परंतु त्याचा थर्मामीटर हातभर लांब होता, आणि पारा स्थिर व्हावयास वीस मिनिटें लागत. इंग्लंडांत ऑलबट यानें याच सुमारास सहा इंचांचा, पांच मिनिटांत काम देणारा थर्मामीटर केला. खिशांत मावणारें साधन निघालें, आणि तें अर्थातच परिचारिकेच्या खिशांत गेलें. कारण दिवसांतून चार वेळां प्रत्येक खाटेपाशीं उभें राहण्यास डॉक्टरास सवड कोठून असणार?

परंतु ही परिचारिका तरी तोंपर्यंत कोठून आली होती? ती आली क्रिमियाच्या रणांगणावरून. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें १८५४ सालचें कार्य सर्वांस माहीत आहे. १८६० सालीं त्यांच्या नांवें लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत शाळा निघाली. नाइटिंगेल म्हटल्या म्हणजे हातांत दिवा घेतलेली दयाळू मूर्ति आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. पण त्यांची खरी शिकवण दयेपेक्षां निरीक्षणाची होती. परिचर्येवरील आपल्या पुस्तकांत रोग्याच्या निरीक्षणावर त्यांनीं एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. रात्रीं झोंप बरी लागली ना, असें विचारणें त्यांना मुळींच मान्य नव्हतें. किती तास लागली, कोणत्या वेळीं लागली, कशानें मोडली, असें विचारावें, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या प्रश्नाचें उत्तर रोगी आपणांस बरें वाटावें म्हणून देतो. दुसऱ्याचें उत्तर त्याला आठवून द्यावें लागतें. विचारण्याचें हें शास्त्र सुश्रुताच्या सहाव्या वाटेचेंच नवें रूप नव्हे काय?

साधनें आलीं, परिचारिका आली. पण अधिकाराचा प्रश्न सुटला नव्हता. तो महाराष्ट्रांत किती तीव्र होता, हें १८९६ आणि १८९७ या दोन वर्षांनीं दाखवून दिलें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेगचा रोग ओळखला. प्लेगची खूण म्हणजे कांखेंतील अथवा जांघेंतील गांठ. श्रोतेहो, दैवाची क्रूर थट्टा पाहा! ज्या रोगानें तपासणी अटळ केली, त्याची खूण शरीराच्या नेमक्या अशा जागीं होती, कीं जी परक्यास दाखविण्यापेक्षां मरण पुरवलें असें आपल्या समाजास वाटे. आगगाडीच्या स्थानकांवर उतारूंस रांगेनें उभें करून त्यांच्या कांखा आणि जांघा चाचपण्यांत येऊं लागल्या. रोग्यांस घरांतून उचलून इस्पितळांत नेऊं लागले. त्याच वर्षीं २९ ऑक्टोबरला सुमारें हजार गिरणीकामगारांनीं मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुढच्या वर्षीं पुण्यांत रँडसाहेबांच्या अमलाखालीं गोऱ्या शिपायांनीं घरोघर शिरून झडत्या घेतल्या, स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं झाडलेल्या गोळ्यांनीं त्या प्रकरणाचा जो शेवट झाला, तो सर्वांस ठाऊक आहे.

न्यायबुद्धीनें हें सांगितलें पाहिजे, कीं रोगी वेगळा करणें ही गोष्ट वैद्यकीय दृष्टीनें निरर्थक नव्हती. साथ खरी होती, मृत्यू खरे होते. चूक शास्त्रांत नव्हती. ती हात लावण्याच्या रीतींत होती. ज्यांचीं अंगें तपासावयाचीं त्यांना कोणीं कांहीं विचारलें नाहीं, कोणीं कांहीं समजावून दिलें नाहीं, आणि तपासणारा हात बंदुकीच्या सोबतीनें घरांत शिरला. याचा परिणाम असा झाला, कीं लोक आपले रोगी माळ्यावर आणि कोठ्यांत लपवूं लागले. ज्या तपासणीनें रोग उघडा पडावयाचा, तिच्याच भीतीनें तो झांकला गेला.

याच वर्षीं, याच पुण्याजवळ, दुसऱ्या एका रीतीचें दर्शन घडलें. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनीं पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथें आणीत. मुंढव्याच्या वस्तींतील एका मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत आल्या, असें सांगतात. त्या सेवेंतच त्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्या कोठल्याही शाळेंत शिकलेल्या परिचारिका नव्हत्या. तरी त्यांच्या हाताला कोणीं अटकाव केला नाहीं. कारण तो हात पन्नास वर्षें त्या वस्त्यांच्या ओळखीचा होता. शिपायाच्या हाताला हुकूम होता, परवानगी नव्हती. सावित्रीबाईंच्या हाताला हुकूम नव्हता, परवानगी होती.

आणखी एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. मुंबईंत प्लेग आला त्याच १८९६ सालीं इटलींत रिवा-रोची यानें दंडाला बांधावयाचा फुगता पट्टा करून रक्तदाब मोजण्याची सोपी रीत काढली. आणि १९०५ सालीं रशियांतील कोरोटकॉफ यानें त्या पट्ट्याखालीं नळी लावून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ऐकण्याची युक्ति सांगितली. आज खेड्यापाड्यांतील उपकेंद्रांत ज्या रीतीनें दाब मोजतात ती मुळांत हीच. साधन वर्षभरांत समुद्र ओलांडून येऊं शकतें. विश्वास मात्र आयात करतां येत नाहीं, तो येथेंच पिकवावा लागतो.

तो पिकविण्याचें काम आपल्याकडे ज्यांनीं केलें त्यांत पुण्याच्या सेवासदनाचें नांव प्रथम घ्यावें लागेल. मुंबईच्या कामा इस्पितळांत १८८६ पासून स्त्रियांची सोय झाली होती आणि तेथें परिचारिकाही तयार होऊं लागल्या होत्या. परंतु त्या कामांत हिंदु घराण्यांतील स्त्रिया क्वचितच पडत. १९०९ सालीं श्रीमती रमाबाई रानडे यांनीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्यानें पुणें सेवासदनाची स्थापना केली, आणि थोड्याच काळांत तेथील विद्यार्थिनी ससून इस्पितळांत परिचर्येचें शिक्षण घेऊं लागल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नीनें कुलीन विधवांना परपुरुषांच्या खाटेपाशीं उभें करावें, यावर गांवांत काय काय बोललें गेलें असेल याची कल्पना आपणांस करतां येईल. ज्या विधवेचा चेहरा सकाळीं समोर आला तर अपशकुन मानीत, तीच आतां रोग्याच्या उशाशीं उभी राहून त्याची नाडी मोजूं लागली. तिच्या हाताला लागलेला दुहेरी कलंक, एक वैधव्याचा आणि दुसरा परक्याच्या स्पर्शाचा, तिनें कामानेंच धुवून काढला. मला वाटतें, महाराष्ट्रांतील समाजसुधारणेच्या इतिहासांत या मुलींचें एक स्वतंत्र पान असावें.

पुण्यांत हें घडत असतां केदारखेड्यास काय होतें? हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. जालन्यास रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्कॉटिश मिशनचें काम उभारलें होतें आणि पुढें मिशनचें इस्पितळही तेथें निघालें. परंतु इस्पितळ शहरांत. खेडें खेड्याच्या जागीं. मुंबई इलाख्यांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ सालीं झाला, पण तो या मुलखास लागू नव्हता. आणि ज्या ब्रिटिश हिंदुस्थानास असले कायदे लागू होते, तेथील स्थिति तरी काय होती? भोर समितीनें १९४६ सालीं जे आंकडे दिले ते असे: सुमारें ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर, आणि ४३,००० माणसांमागें एक परिचारिका! म्हणजे परिचारिका ही डॉक्टरपेक्षांही दुर्मिळ होती.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. या काळांत प्राथमिक आरोग्य केंद्रें आणि त्यांखालील उपकेंद्रें निघालीं. सपाट प्रदेशांत ३०,००० वस्तीमागें एक केंद्र आणि ५,००० वस्तीमागें एक उपकेंद्र, असें प्रमाण ठरलें. उपकेंद्रांत डॉक्टर नसे. तेथें असे ती साहाय्यक परिचारिका, जिला खेड्यांतील लोक नर्सबाई अथवा सिस्टर म्हणतात.

येथें इतिहासानें एक मोठें वळण घेतलें, आणि त्याकडे आपलें फारसें लक्ष गेलेलें नाहीं. पाश्चात्त्य देशांत परिचारिकेनें आंकडे लिहावेत, त्यांचा अर्थ मात्र डॉक्टरनेंच लावावा, अशी वांटणी फार काळ चालली. १९६५ सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो येथें लोरेटा फोर्ड या परिचारिकेनें हेन्री सिल्व्हर या डॉक्टरांसह एक अभ्यासक्रम काढला, तेव्हांपासून संपूर्ण शरीरतपासणी हा परिचारिकेच्या शिक्षणाचा भाग होऊं लागला. आपल्या खेड्यांत हीच गोष्ट कोणत्याही चर्चेवांचून, निव्वळ गरजेपोटीं घडत गेली. आंकड्याचा अर्थ लावावयास दुसरें कोणी नव्हतेंच, मग नर्सबाईंनींच तो लावला.

त्याहीपुढें जाऊन कांहीं थोर मंडळींनीं हा अधिकार गांवांतल्याच बायांच्या हातीं दिला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं जामखेड येथें काम सुरू केलें. त्याबद्दल त्यांना १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्यांनीं निवडलेल्या ग्रामीण आरोग्यसेविकांपैकीं कित्येक निरक्षर होत्या आणि कित्येक दलित वस्तींतील होत्या. ज्या घरांत त्यांना पाणी मिळत नसे, त्याच घरांतील गरोदर सुनेचें पोट त्या तपासूं लागल्या. सुइणीच्या हाताची जुनी गांठ मीं आरंभीं सांगितली. ती येथें सुटूं लागली.

गडचिरोलींत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं तर तपासणी इतकी सोपी केली, कीं मोजतां न येणाऱ्या बाईलाही ती करतां यावी. लहान मुलाच्या न्यूमोनियाची खूण म्हणजे श्वासांची गति. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि पुढें पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक झाले, कीं धोका समजावा. यासाठीं त्यांनीं वाळूचें मिनिटघड्याळ आणि मण्यांची ओळ असलेलें एक साधन केलें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावा, आणि वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी आला तर औषध द्यावें. पुढें ३९ गांवांत त्यांनीं नवजात बालकांची घरींच तपासणी आणि शुश्रूषा करण्याचा जो प्रयोग केला, त्यानें नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलें, असें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. यांत मोठें यंत्र कोणतें होतें? पाहणारे डोळे आणि घरांत शिरण्याची परवानगी, इतकेंच.

आतां आपण केदारखेड्यास परत येऊं. एक प्रसंग कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. कापसाची वेंचणी चालू आहे. सातव्या महिन्यांतील एक सून घरीं आहे, दाराशीं सासू बसलेली आहे, आणि नर्सबाई आल्या आहेत. त्या प्रथम काय करतात? पिशवी उघडत नाहींत. सासूबाईंशीं दोन शब्द बोलतात. आपणांस वाटेल, तपासणी अद्याप सुरू व्हावयाची आहे. पण ती सुरू होऊन चुकली! सून उठून पाणी आणावयास गेली, तिची चाल कशी आहे, तिला धाप लागते काय, चेहरा सुजलेला दिसतो काय, हें बाईंनीं पाहून घेतलें आहे. नंतर प्रश्न: डोकें दुखतें काय, डोळ्यांपुढें अंधारी येते काय, बाळ हालतें काय. मग त्या विचारतात, हात लावूं ना? हा प्रश्न उपचाराचा नव्हे. १८९७ च्या पुण्यास जो प्रश्न कोणीं विचारला नाहीं, तोच हा.

नंतर मनगटावर तीन बोटें ठेवून त्या नाडी मोजतात. प्रौढ माणसाची नाडी मिनिटास ६० ते १०० असावी. गरोदरपणीं थोडी जलद असते. नाडी मोजून झाली तरी त्या मनगट सोडीत नाहींत. तसेंच धरून गुपचूप श्वास मोजतात. श्वास मोजतों असें सांगितलें, कीं रोग्याचा श्वास बदलतो, म्हणून ही एवढी एक लबाडी या विद्येंत क्षम्य मानली आहे. मग खालची पापणी ओढून आंतला रंग पाहतात. तो फिका असेल तर रक्त कमी. जीभ, नखें, गळा. पोट तपासतांना हात तळव्यांवर चोळून ऊन करून घेतात, कारण गार हातानें पोट आंखडतें. गर्भाशय कोठवर आला आहे हें पाहून महिने पडताळतात, बाळाचें डोकें कोठें आहे तें चाचपतात, आणि नळीनें त्याच्या हृदयाचे ठोके ऐकतात. शेवटीं नडगीवर अंगठा दाबून धरतात. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला, तर सूज आहे. दंडाला पट्टा बांधून दाब पाहतात. तो १४० आणि ९० या मर्यादेस पोंचला असेल आणि सूजही असेल, तर ही साधी थकवण नव्हे. आई आणि बाळ या दोघांच्या जिवाशीं खेळणाऱ्या रोगाची ती वर्दी असूं शकते.

आतां खरा प्रश्न उभा राहतो. नर्सबाई म्हणतात, हिला आजच भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयांत नेलें पाहिजे. वेंचणीचे दिवस, घरांत माणूस नाहीं, गाडीभाडें आहे, आणि सून तर दिसावयास धडधाकट! सासूबाईंनीं ऐकावें कां? पाऱ्याची उंची त्यांना वाचतां येत नाहीं; वुंडरलिख आणि कोरोटकॉफ त्यांना ठाऊक नाहींत. त्यांना ठाऊक आहे तो एवढाच, कीं ही बाई आपल्या सुनेशीं कशी वागली. आंत येतांना विचारून आली कीं नाहीं, दार लोटून घेतलें कीं नाहीं, गार हात ऊन केला कीं नाहीं, विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर ऐकून घेतलें कीं नाहीं. त्या दहा मिनिटांत जो विश्वास कमावला असेल तेवढ्यावरच तो जीव तरून जाईल किंवा जाणार नाहीं. म्हणून मी म्हणतों, परवानगी ही तपासणीच्या आधींची औपचारिक बाब नव्हे. ती तपासणीचेंच पहिलें अंग आहे, आणि तेंच मोडकें असलें तर बाकीचीं अंगें कितीही शास्त्रशुद्ध असोत, निरुपयोगी होतात.

२०१८ सालापासून उपकेंद्रांचें रूप पालटूं लागलें आहे. परिचर्येची पदवी घेतलेले समुदाय आरोग्य अधिकारी तेथें नेमले जाऊं लागले, आणि तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर तपासण्याचें काम त्यांकडे आलें. दाबाचें यंत्र आतां विजेवर चालतें आणि आंकडा आपण होऊन दाखवितें. नोंद वहींत न होतां फोनमध्यें होते. ही प्रगतीच आहे. परंतु तीबरोबर एक धोका आहे, आणि तो आपण शहरांतील लोक रोज अनुभवतों. आंकडा भरण्याच्या घाईंत डोळे पडद्याकडे लागतात आणि रोग्याकडे पाहणें राहून जातें. तक्ता पूर्ण होतो, तपासणी अपुरी राहते. दिवसाला किती माणसें तपासलीं याची मोजदाद होते. किती माणसांनीं मनापासून तपासूं दिलें, याची मोजदाद कोण करणार?

श्रोतेहो, असईच्या रणांगणावर हात होते, पण साधनें नव्हतीं. प्लेगच्या पुण्यांत शास्त्र होतें, पण परवानगी नव्हती. सेवासदनाच्या मुलींनीं, जामखेडच्या बायांनीं आणि खेडोपाडीं पायपीट करणाऱ्या नर्सबाईंनीं हीं दोन्ही एकत्र आणलीं, आणि ज्या स्पर्शाला आपण हलका म्हणत होतों त्याला विद्येची प्रतिष्ठा मिळवून दिली. यापुढें आपल्या खाटेपाशीं येऊन कोणी परिचारिका आपलें मनगट हातांत घेईल, तेव्हां तो हात आपल्यापर्यंत किती लांबून आणि किती जणींच्या सोसण्यावरून चालत आला आहे, याची आठवण करावी. आणि तिला तिच्या कामास दहा मिनिटें पुरतीं मिळतात कीं नाहीं, हेंही पाहावें. कारण तीं दहा मिनिटें तिचीं नसून आपलींच आहेत.